गाठोडं उघडण्याआधी : अभ्यासक होऊ पाहणाऱ्या एका वाचकाला

साताऱ्याकडच्या एका गृहस्थांनी प्रश्न विचारला आहे. वय ३६, सहकारी बँकेत नोकरी. गावचं जुनं घर उतरवायला घेतलं तेव्हा माळ्यावर लाल कापडात बांधलेलं मोडी कागदांचं गाठोडं सापडलं. घरात कुणालाच वाचता येत नाही. तेव्हापासून त्यांच्या मनात आहे की याचा नीट अभ्यास करावा. पण इतिहास शाळेतच सुटला, पदवी वाणिज्य शाखेची, घरी यायला संध्याकाळचे सात वाजतात. आणि अगदी शेवटी, थोडं संकोचून, त्यांनी लिहिलं आहे : "मला वाचलेलं लक्षात राहत नाही. विद्वान माणसांना सगळं तोंडपाठ असतं. मग माझ्यात मुळात ती कुवतच नाही, असं समजायचं का?"

मी २६ वर्षं मोडी कागद वाचते आहे आणि त्यातली बरीच वर्षं शिकवतेही आहे. वेळ, पदवी, वय हे प्रश्न वर्गात दरवर्षी येतात आणि त्यांची उत्तरं अवघड नाहीत. खरी अडचण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. तुमच्या डोळ्यांसमोर विद्वानाचं एक चित्र आहे : छतापर्यंत पुस्तकं, जाड भिंगाचा चष्मा आणि विचाराल ते धडाधड सांगणारा माणूस. त्या चित्राशी ताडून तुम्ही स्वतःला नापास करून टाकलं आहे. म्हणून आधी त्याबद्दल बोलते, गाठोड्याकडे नंतर येऊ.

ज्यांच्याकडे मी मोडी शिकले ते सर पुण्यात पेठेतल्या एका खोलीत बसत. पूर्वेच्या खिडकीखाली टेबल, कागदावर तिरपा उजेड पडेल असं. कागदाला बोट लावायचं नाही. बोरूची एक जुनी काडी होती, ती ओळीच्या वर हवेत धरून अक्षरामागून अक्षर पुढे न्यायची. एक ओळ तीनदा मोठ्याने वाचायला लावत. तिसऱ्यांदाही एखादं अक्षर अडलं तर मी अर्थातच अंदाज करायची : इथे 'मौजे' असणार, पुढे गावाचं नाव आहे ना. सर विचारत, "कागदात दिसतंय की तुला वाटतंय?" वाटत असेल तर पेन्सिलीने कंसात प्रश्नचिन्ह. त्यावर चर्चा नाही.

सरांची स्मरणशक्ती बेताचीच होती. आदल्या आठवड्यात आम्ही वाचलेल्या पाटलाचं नाव ते मलाच विचारत. पण मागे भिंतीला लागून बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते आणि त्यांत चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर डावीकडे कागद कुणाच्या संग्रहातला आणि कितवा, उजवीकडे तो पाहिल्याचा दिवस, मधे शब्द जसाच्या तसा आणि तळाला एक ओळ, जिची सुरुवात नेहमी 'शंका' या शब्दाने. ते गेल्यावर घरच्यांनी ते डबे माझ्याकडे दिले. त्याच संध्याकाळी मी एक उघडला आणि काम पुढे सुरू करू शकले. कोणती चिठ्ठी कशाची, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

दुसरे एक गृहस्थ मला माहीत होते. त्यांच्या जिल्ह्यातली घराणी, वतनं, भांडणं त्यांना मुखोद्गत होती. आम्ही तासन्‌तास ऐकत बसायचो. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. ते गेले त्या दिवशी सगळं गेलं, आणि आज त्यांनी सांगितलेली एखादी गोष्ट मला आठवली तरी मी ती वापरू शकत नाही, कारण ती त्यांनी कुठे पाहिली हे मला ठाऊक नाही. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी नाही. पण अभ्यास कशाला म्हणायचं, हे मला या दोघांमधल्या फरकातून कळलं. आपण केलेलं काम पुढच्या माणसाला तपासता यावं, आपण चुकलो असू तर ती चूक त्याला सापडावी, अशा रीतीने मागे ठेवणं हा अभ्यास.

हे मी मनचं सांगत नाही. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली. काम १९१९ साली हाती घेतलं, पूर्ण झालं १९६६ मध्ये. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते. हे मुळात केंब्रिजला गणित शिकलेले गृहस्थ, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या ताडून पाहायच्या होत्या. एवढं कुणाच्या डोक्यात राहणार? त्यांनी आखलेले तक्ते केले. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक, एका चौकोनात एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ, आणि त्या पोथीत जिथे अक्षर वेगळं तिथेच, बरोबर त्या अक्षराखालच्या चौकोनात, ते लिहायचं. उजवीकडे जादा श्लोकांसाठी मोकळी जागा. आदिपर्व १९३३ मध्ये पुरं झालं. सुकथनकर १९४३ साली गेले तेव्हा बरंच काम बाकी होतं. पुढे बेलवलकर आले, त्यांच्यानंतर प. ल. वैद्य. गाडी थांबली नाही, कारण तक्ते कुणालाही वाचता येत होते.

त्या आवृत्तीत एक खूण आहे, जी मी वर्गात पहिल्याच दिवशी दाखवते. निवडलेला पाठ जिथे पुरता निश्चित नाही, तिथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ मारलेली आहे. म्हणजे इतक्या पोथ्या पाहून, इतकी वर्षं घालवून, छापील पानावर जाहीरपणे सांगितलं आहे की इथे आमची खात्री नाही. सरांचं कंसातलं प्रश्नचिन्ह आणि ही रेघ एकाच कुळातली.

आणि हे कूळ आपल्याकडे खूप जुनं आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इसवी सन १२९०. तीनेकशे वर्षांत प्रती करता करता पाठ बिघडले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, १५८४ साली, ती शुद्ध केली. एकनाथ स्वतः केवढे कवी. मधे आपली एखादी ओवी घालायचं त्यांच्या हाताला काहीच जड नव्हतं. पण त्यांनी शेवटी बजावून ठेवलं की ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजावं. मोडी कागदात न दिसलेला शब्द भरावासा वाटला की मला ती नरोटी दिसते.

आता माझी चूक सांगते, म्हणजे हे सगळं हवेत राहणार नाही. मोडी लिहिताना आधी पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढतात आणि मग अक्षरं तिच्याखाली लटकवत जातात, शक्यतो हात न उचलता. दोन शब्दांमध्ये जागा नाही. विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नाही. शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं. एका महजरात, म्हणजे गावसभेच्या निवाड्याच्या कागदात, साक्षीदारांच्या यादीत मला अक्षरं दिसली : रामाजीवनाजी. मी तोडलं 'रामा जीवनाजी'. म्हणजे रामा, बापाचं नाव जीवनाजी. त्या घराण्यावर एक छोटा लेख लिहिला, त्यात जीवनाजीला मूळ पुरुष म्हणून बसवलं आणि दुसऱ्या एका गावच्या जीवनाजीशी नातंही जोडलं. दोन वर्षांनी वर्गातल्या एका मुलीने माझी वही उतरवून घेताना विचारलं, "ताई, हे 'रामाजी वनाजी' का नाही?" आम्ही त्याच गावचे उरलेले कागद पुन्हा काढले. एका कर्जरोख्यात ओळीच्या सुरुवातीलाच सुटा 'वनाजी' मिळाला. जीवनाजी नावाचा माणूस त्या घराण्यात नव्हताच. माझा अख्खा लेख एका चुकीच्या तोडीवर उभा होता.

तिला ते सापडलं, कारण माझ्या वहीत अक्षरं न तोडता, कागदात होती तशी सलग उतरवलेली होती. लेखात मात्र मी फक्त तोडलेलं नाव दिलं होतं. नुसता लेख वाचणाऱ्याला ती चूक कधीच दिसली नसती. मी दुरुस्ती छापली. त्यानंतर जिथे तोड संशयाची असेल तिथे तळटीपेत सलग अक्षरं देते.

तर आठवणीबद्दल एवढंच म्हणते : तुम्हाला लक्षात राहत नाही हे तुम्हाला माहीत आहे, ही चांगली गोष्ट आहे. असा माणूस लिहून ठेवतो. ज्यांना आपल्या लक्षात राहतं असा भरवसा असतो, त्यांच्या वह्या मी रिकाम्या पाहिल्या आहेत.

पदवीचं काय? हे तुम्हाला काय करायचंय त्यावर आहे. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर पदव्या लागतात, त्याला इलाज नाही. कागद वाचायला आणि त्याबद्दल छापायला लागत नाहीत. पां. वा. काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करत. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाची आवृत्ती काढताना तिच्या प्रस्तावनेपायी धर्मशास्त्राचा इतिहास लिहायचं डोक्यात आलं. पहिला खंड १९३० साली निघाला आणि पाचवा १९६२ मध्ये, तेव्हा त्यांचं वय ८२ होतं. पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. तुम्हाला कुणी ते गाठायला सांगत नाही. पण पोटापाण्याचा धंदा सांभाळून अभ्यास करणं ही महाराष्ट्रात कमीपणाची नव्हे, चांगली रुळलेली वाट आहे. मोडी लिपी शिकायची तर पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ वर्ग घेतात. बाराखडी पंधरा दिवसांत येते. हात ओळखायला, म्हणजे एका लेखकाचा 'ल' दुसऱ्यापेक्षा कसा वेगळा हे कळायला, वर्ष-दीड वर्ष लागतं. रोज अर्धा तास मिळाला तरी पुरे. रविवारी एकदम पाच तास बसून काम होत नाही असा माझा अनुभव आहे, डोळ्याची सवय मोडते आणि दर रविवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

आता गाठोडं. यात काय निघेल ते न बघता मला सांगता येणार नाही, आणि तुम्हीही आधीच ठरवू नका. मोडी विसाव्या शतकाच्या निम्म्यापर्यंत रोजच्या वापरात होती, त्यामुळे मोडी म्हणजे पेशवाई असं नाही. कागदावर राणीचा किंवा राजाचा छाप असलेला स्टॅम्प दिसला तर तो इंग्रजी अमलातला. घरच्या गाठोड्यांत बहुतेक वेळा खरेदीखतं, गहाणखतं, कर्जरोखे, वाटणीपत्रं आणि घरखर्चाचे हिशेब निघतात. शिवाजी महाराजांचं पत्र निघेल म्हणून आलेली माणसं इथे हिरमुसतात आणि गाठोडं पुन्हा माळ्यावर जातं. मला फार वाईट वाटतं. महाराजांच्या पत्रांवर शेकडो लोक काम करत आहेत. तुमच्या गावच्या सुताराला बलुत्याचं धान्य किती पायली मिळत होतं, दुष्काळाच्या साली ते कमी झालं का, जमीन गहाण कोण टाकत होतं आणि कोण सोडवून घेत होतं, हे सांगणारा कागद कदाचित जगात तो एकच असेल. आणि तुम्ही बँकेत काम करता. व्याजाचा हिशेब आणि तारणाची भाषा मला शिकावी लागली, तुम्हाला ती रोजची आहे. कर्जरोखे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले वाचाल, हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

कागद हाताळताना दोन-चार गोष्टी मात्र कटाक्षाने. जुनी शाई काजळ आणि डिंकाची असते, पाण्याने सुटते. म्हणून ओल्या फडक्याने पुसायचं नाही आणि ओला हात लावायचा नाही. लॅमिनेशन अजिबात नको. मी लॅमिनेट केलेले कागद आतल्या आत पिवळे पडून तडकलेले पाहिले आहेत आणि ते सोडवता येत नाहीत. सेलोटेपही नको, इस्त्रीही नको. घडी कडक झाली असेल तर जबरदस्तीने उलगडू नका, तो कागद बाजूला ठेवून जाणकाराला दाखवा. गाठोड्यातला क्रम मोडायच्या आधी फोटो घ्या, कारण कोणता कागद कुणाच्या घडीत होता हीसुद्धा माहिती असते. टेबलावर पेन ठेवू नका, फक्त पेन्सिल.

तारखेबद्दल आताच सांगून ठेवते, कारण जास्तीत जास्त चुका तिथे होतात. गाठोड्यात पेशवाईतला कागद निघालाच, तर त्यावर बहुधा सुहूर सन असेल, अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार : ११६१. हे वर्ष मृग नक्षत्र लागतं तिथून सुरू होतं. त्यामुळे जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६००. महिना मात्र मुसलमानी असतो, आणि तो दरवर्षी मागे सरकतो. समजा याच साली 'सफर' महिन्यातलं पत्र आहे. सफर त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो, म्हणजे पत्र १७६०चं. घाईत ६०० मिळवले तर १७६१ येतं. मधे १४ जानेवारी १७६१ आहे, पानिपतचा दिवस. एका आकड्याच्या फरकाने पानिपतच्या आधी लिहिलेलं पत्र नंतरचं होतं, आणि ज्या माणसाबद्दल लिहिलंय तो जिवंत की मेलेला हेच उलटं होतं. जंत्री, म्हणजे वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखांचा मेळ देणारं पुस्तक, जवळ ठेवा. आणि वहीत मूळ तारीख शब्दांत उतरवा, इंग्रजी तारीख तिच्याखाली लिहा, तिच्या जागी नको.

वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं मिळवत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला आणि पुढे असे २२ खंड झाले. त्यांच्या लांबलचक प्रस्तावनांमधली कितीतरी मतं नंतरच्या अभ्यासकांनी खोडली. तरी ते खंड आजही आमच्या टेबलावर उघडे असतात, कारण प्रस्तावनेच्या मागे पत्रं छापलेली आहेत आणि ती वाचून राजवाड्यांशी भांडता येतं. मतं मांडायची घाई तुम्हाला होईल, मलाही झाली होती. मांडा, पण कागद शेजारी ठेवून.

म्हणजे सध्या तुमच्याकडून मला एवढंच हवं आहे : एक दोनशे पानी वही, डाव्या पानावर कागदातली अक्षरं सलग, उजव्या पानावर तुमची तोड आणि शंका. नाव, दिवस, कागदाचा क्रमांक. दहा कागद असे उतरवून झाले की एखादा प्रश्न आपोआप वर येतो, एकच आडनाव तीनदा दिसतं किंवा एकच शेत दोनदा गहाण पडलेलं असतं. आधीपासून प्रश्न नसला तरी चालतं. निदान माझं तरी प्रत्येक वेळी असंच झालं आहे.

गाठोड्यातला सगळ्यात मोठा, शिक्क्याचा कागद आधी उघडावासा वाटेल. तो राहू द्या. पाच-सहा ओळींचा, न फाटलेला, सगळ्यात लहान निवडा. वर मधोमध बहुधा 'श्री' असेल, तेवढं तुम्हाला आजही वाचता येईल. ते डाव्या पानावर उतरवा आणि खालच्या ओळीतलं पहिलं अक्षर जसं दिसतं तसं काढा, ओळखता आलं नाही तरी. त्या पानाचा फोटो मला पाठवा, प्रश्नचिन्हांसकट.